पुंडलीकभाऊंचं सोनेरी कार्ड

भाजीबाजारात कचरा आणि किस्से या दोन गोष्टी कोणी मागवत नाही, पण रोज पडतात. कचरा निदान गाडी उचलून नेते. किस्से तिथंच साचतात आणि सकाळचा हर्रास संपला की चहासोबत पुन्हा वर येतात. पूर्वी ते खोट्या वजनमापाचे, सडक्या टमाट्यांचे आणि पळून गेलेल्या बैलांचे असायचे. आता सगळे फोनचे! "सर, आपका क्रेडिट कार्ड अप्रूव हो गया है, बस थोडी सी फीस भरनी है." अमरावतीच्या बाजारात ज्याला हा फोन आला नाही, त्याच्याकडे फोनच नाही असं समजा.

मी या बाजारात हर्रास बोलतो, म्हणजे लिलाव पुकारतो. पुंडलीकभाऊ आमचे अडत्ये. शेतकऱ्याचा माल त्यांच्या गाळ्यावर उतरतो, मी घसा फाडतो, माल विकला जातो आणि ते आपली अडत कापून घेतात. गाळ्यासमोर सिंधूबाई कांदे-लसूण मांडून बसते. आमचं मंडळ एवढंच, पण किस्से पुरून उरतील इतके आहेत.

*

माझ्यापासूनच सुरू करतो, म्हणजे बाकीच्यांना हसायचा हक्क मिळतो.

एकदा वांग्याच्या कॅरेटचा हर्रास ऐन रंगात असताना माझा फोन वाजला. शेतकऱ्याचा असेल म्हणून मी तो कान आणि खांद्याच्या मध्ये दाबला आणि पुकारणं चालूच ठेवलं. पलीकडून मॅडम म्हणाली, "सर, आपके मोबाइल पे छह अंक का ओटीपी आया होगा, बताइए."

मी इकडे ओरडतोय, "साडेतीनशे! साडेतीनशे! चारशे बोला, चारशे!"

मॅडम म्हणाली, "सर, तीन पाँच शून्य, चार शून्य शून्य... नहीं ले रहा है. फिर से बताइए."

"सव्वाचारशे! साडेचारशे!"

"सर, आप बार-बार चेंज कर रहे हैं!"

"पाचशे एक बार! पाचशे दोन बार!"

"सर, दो बार मत बोलिए, एक ही बार में ठीक से बोलिए!" मॅडम रडकुंडीला आली होती. मी "पाचशे तीन बार!" म्हणून माल सोडला, तेव्हा तिनेही फोन सोडला. आमच्या बाजारात इतक्या चिकाटीने माझा हर्रास कोणीच ऐकलेला नाही.

*

सिंधूबाईची गोष्ट वेगळी आहे. तिला फसवायला जो जाईल त्याने घरी सांगून जावं.

त्या दिवशी साडेदहा वाजले तरी तिची बोहनी झाली नव्हती. बोहनी म्हणजे दिवसाचा पहिला पैसा. तो हातात पडल्याशिवाय सिंधूबाई कोणाला दमडी देत नाही, भिकाऱ्यालाही नाही आणि देवळालाही नाही. अशा तापलेल्या तव्यावर कार्डवाल्याचा फोन आला. कार्ड मंजूर झालं आहे, नऊशे नव्व्याण्णव रुपये भरा, तेही आत्ताच, पाच मिनिटांत ऑफर संपते, असं तो म्हणाला.

"बोहनी नाई झाली ना बाप्पा," सिंधूबाई म्हणाली. "बोहनीच्या आंदी मी पैसा सोडत नाई."

"मॅडम, बोनी क्या होता है?"

सिंधूबाईने त्याला समजावलं. आधी माझ्याकडे पैसा यायला हवा, मग माझ्याकडून जाईल. तो पोरगा हुशार निघाला. त्याने विचार केला असेल की दहा टाकून हजार काढू. त्याने नंबर विचारला, आणि दोन मिनिटांत सिंधूबाईच्या लसणाच्या टोपलीवरचं ते बोलणारं डबडं ओरडलं, "ग्यारह रुपये प्राप्त हुए!"

सिंधूबाईने डबड्याला हात लावून डोळ्यांना लावला. मग फोन तोंडाशी नेऊन म्हणाली, "झाली बोहनी. भगवान तुमचं भलं करो. अकरा रुपयाचा लसून तोलून ठेवते, येजा घेऊन."

त्यानंतर पोराचे सात फोन आले. सिंधूबाई प्रत्येक वेळी एकच विचारायची, "येऊन राह्यला का लसून न्याले?" आठवा फोन आला नाही.

*

आता पुंडलीकभाऊ. खरा किस्सा त्यांचाच आहे. बाकीचे आम्ही आजूबाजूची कोथिंबीर.

पुंडलीकभाऊंची मुलगी अकोल्याला दिली आहे. जावई बियाण्यांच्या एका कंपनीत एरिया मॅनेजर. पांढरा शर्ट, गाडीत एसी, आणि बोलताना दर तिसऱ्या वाक्याला "ॲक्च्युअली". नातवाच्या वाढदिवसाला अकोल्याच्या एका हॉटेलात जेवण झालं. बिल आलं तेव्हा पुंडलीकभाऊंनी मोठ्या हौसेने बंडीच्या आतल्या खिशातून नोटा काढल्या. भाजीबाजारातल्या नोटा नेहमी ओल्या असतात, कारण मेथीवर पाणी मारलेलं असतं आणि त्याच हातांनी पैसे घेतलेले असतात. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. पण जावयाने दोन बोटांनी त्या नोटा बाजूला सारल्या आणि म्हणाला, "राहू द्या मामाजी. इथं ओल्या नोटा चालत नाहीत." आणि खिशातून कार्ड काढून पटकन बिल भरलं. वेटर हसला, व्याही हसले, मुलगी खाली बघत राहिली.

बिलाचे पैसे वाचले म्हणून दुसरा कोणी खुश झाला असता. पुंडलीकभाऊ चार दिवस जेवले नाहीत. "दिलीप," ते मला म्हणाले, "धोंड्याचा महिना येऊन राह्यला. जवाई जेवाले येईन. त्याले कपडे घ्याचे हायेत. मी कार्डानंच घेईन. त्याच्या डोयासमोर!"

धोंड्याचा महिना, म्हणजे अधिक मास, तीन वर्षांतून एकदा येतो. जावयाला जेवू घालायचं आणि मानाने कपडे करायचे. पुंडलीकभाऊंची इज्जत त्या एका दिवसावर टांगली होती, आणि हातात अडीच महिने होते.

बँकेत गेले तर त्यांनी तीन वर्षांचे रिटर्न मागितले. पुंडलीकभाऊंनी आयुष्यात परत आणलेली एकच गोष्ट म्हणजे फुटलेले कॅरेट. ते तसेच माघारी आले. आणि नेमका तेव्हा दिल्लीच्या कार्ड कंपनीतून म्हणून नेहा मॅडमचा फोन आला.

*

नेहा मॅडमने काय केलं, तर पहिल्याच वाक्यात त्यांना "सर" म्हटलं. पस्तीस वर्षं बाजारात काढलेल्या माणसाला भाऊ, काका, म्हातारा आणि बरंच काही म्हटलं गेलं होतं, "सर" मात्र कोणीच नाही. पाच लाखांची लिमिट, सोनेरी कार्ड, फी फक्त तीन हजार. पुंडलीकभाऊंनी भरली.

आठ दिवसांनी इन्शुरन्सचे साडेचार हजार मागितले. मी म्हटलं, "भाऊ, ही बाई लुटून राह्यली तुमाले."

"लुटते कायची? पह्यले तीन हजार म्हनजे इसार झाला," ते म्हणाले. "इसार देल्ल्यावर सौदा फिरत नसते. मी पलटलो तं माही जबान गेली."

आता बघा. आमच्या बाजारात इसार म्हणजे सौदा पक्का करायला आगाऊ दिलेला पैसा. एकदा तो दिला की भाव पडो की चढो, माल घ्यावाच लागतो आणि समोरच्यालाही द्यावाच लागतो. लिहून काही नसतं, पण पुंडलीकभाऊंनी पस्तीस वर्षांत एकही सौदा मोडलेला नाही. त्यांना वाटलं दिल्लीतही तसंच असेल. ज्या सचोटीवर माणूस उभा राहिला तीच धरून त्याला खाली पाडलं. तिसऱ्यांदा "डिलिव्हरी सिक्युरिटी"चे साडेचार हजार मागितले, तेही त्यांनी दिले. झाले बारा हजार. मला हसू येत होतं आणि त्या बाईच्या कानाखाली जाळ काढावासाही वाटत होता.

*

आणि कार्ड आलं! खरंच आलं! कुरिअरवाला गाळ्यावर पाकीट घेऊन आला, तेव्हा पुंडलीकभाऊंनी त्याला दोन किलो भेंडी दिली आणि मला म्हणाले, "घ्या! लुटून राह्यली म्हने!"

सोन्यासारखं चकचकीत कार्ड, त्यावर त्यांचं नाव. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते मला बडनेरा रोडवरच्या पेट्रोल पंपावर घेऊन गेले. टाकी फुल केली आणि कार्ड असं पुढे केलं, जसं काही लग्नात आहेर करताहेत. पंपावरच्या माणसाने ते मशीनमध्ये घातलं, काढलं, पुसलं, पुन्हा घातलं. मग उन्हात धरून बघितलं आणि नखाने खरवडलं.

"काका, ह्याच्यात चिप नाही."

"हे काय पिवळी दिसून राह्यली!"

"ते चिपचं चित्र आहे."

मागे गाड्यांची रांग लागली होती. पुंडलीकभाऊंनी चष्मा लावून ते चित्र नीट बघितलं. "चित्र तं चांगलं काढलं," ते हळूच म्हणाले, आणि बंडीतून ओल्या नोटा काढून पेट्रोलचे पैसे दिले.

*

मीच ओढून त्यांना पोलीस ठाण्यात नेलं. हवालदार भला माणूस होता. सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि विचारलं, "किती गेले?"

"बारा हजार."

हवालदाराने पेन खाली ठेवला. इकडेतिकडे बघितलं आणि खुर्ची पुढे ओढली. "बारा? मले तं आठातच देल्लं."

बाहेर आल्यावर पुंडलीकभाऊ इतके संतापले की मी त्यांना उसाचा रस पाजला. फसल्याचं दुःख एकवेळ त्यांनी गिळलं असतं. "पोलिसाले डिस्काउंट देतेत साले!" हे मात्र त्यांच्या घशाखाली उतरेना.

*

एकदा फसलेल्या माणसाचा नंबर या लोकांत गुळाच्या ढेपेसारखा फिरतो. मुंग्या लागल्याच. आता फोन यायला लागले ते पैसे परत देणाऱ्यांचे! "सर, आपका बारा हजार रिफंड करना है, बस रिफंड फीस भर दीजिए."

कार्डाच्या फॉर्मवर पुंडलीकभाऊंनी आपले दोन्ही नंबर दिले होते. एक दिवस अकराच्या सुमारास दोन्ही फोन एकदमच वाजले. दोघंही रिफंडवाले. एकाची फी चोवीसशे, दुसऱ्याची दोन हजार. मी दोन्ही फोन स्पीकरवर टाकून काट्यावर ठेवले, आणि सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "दोन हजार! दोन हजार! इकडून कमी बोला, भाई, कमी!"

सगळा बाजार गोळा झाला. आयुष्यात पहिल्यांदा मी उलटा हर्रास बोललो. पहिला अठराशेवर आला, दुसरा पंधराशेवर. सिंधूबाई मागून ओरडली, "लसनाच्या भावात देतेत का विचार!" हजार, आठशे, पाचशे. घासाघीस अशी चालली होती की दोघांचेही आवाज चढले. अडीचशेवर मला जाणवलं की डाव्या फोनमधला आवाज उजव्या फोनमध्येही ऐकू येतोय. त्यांनाही ते तेव्हाच जाणवलं असावं.

"दीड सौ!" डावा ओरडला.

उजव्या फोनमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "अबे मनोज! बाजू में बैठ के मेरी पार्टी काट रहा है?"

मग काहीतरी पडलं, कोणीतरी कोणालातरी मारलं, आणि दोन्ही फोन बंद झाले. बाजारात शिट्ट्या वाजल्या. एकटे पुंडलीकभाऊ नाराज होते. "थांबाचं होतं ना," ते म्हणाले. "दीडशात बारा हजार वापस येत होते तं काय वाईट होतं?"

*

आणि धोंड्याचा महिना लागला. जावई आला. पुरणाचे धोंडे झाले, तेहतीस अनारसे झाले, जावई वाटीभर तूप प्यायला. राहिली होती कपड्यांची खरेदी. पुंडलीकभाऊंनी सोबत मलाही घेतलं होतं, धीर यावा म्हणून.

त्यांनी काय केलं होतं, तर सकाळीच कापड दुकानाच्या सेठकडे जाऊन रोख पैसे देऊन आले होते. सेठ त्यांचा जुना दोस्त. आम्ही पोचलो तेव्हा गल्ल्यामागे पंख्याखाली नोटा वाळत घातल्या होत्या आणि प्रत्येक नोटेवर एकेक बटणांचं पाकीट ठेवलं होतं. जावयाला त्यातलं काही कळलं नाही. त्याने दोन शर्ट, दोन पँट आणि एक जाकीट घेतलं. पुंडलीकभाऊंनी सोनेरी कार्ड काढलं आणि काउंटरवर ठेवलं. सेठने ते मशीनवर टेकवलं, एक बटण दाबलं, सकाळच्या कुठल्यातरी गिऱ्हाईकाची पट्टी टर्रकन फाडून दिली आणि म्हणाला, "झालं भाऊ. सही करा."

पुंडलीकभाऊंनी सही केली. तशी सही त्यांनी मुलीच्या लग्नातही केली नसेल.

जावयाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. "मामाजी, गोल्डन? लिमिट किती?"

"पाच लाख," पुंडलीकभाऊ दुसरीकडे बघत म्हणाले.

"ॲक्च्युअली, मला दोन वर्षं झाली, पन्नास हजारांच्या वर देत नाहीत! कोणाकडून काढलं? नंबर द्या ना."

आता मात्र पुंडलीकभाऊंच्या कपाळावर घाम आला. खरं सांगितलं तर आत्ताच उभारलेली इज्जत तिथंच आडवी. खरा नंबर दिला तर मुलीचं घर लुटलं जाणार. त्यांनी डोळे मिटले आणि जो एकमेव नंबर त्यांना तोंडपाठ होता तो सांगून टाकला. अर्ध्यात माझ्या लक्षात आलं की तो माझा आहे. मी खिशात हात घालून फोन बंद केला. भाऊंनी सांगितलं म्हणून जावयाने तो "नेहा मॅडम" या नावाने सेव्ह करून घेतला.

दुसऱ्या दिवशी गाळ्यावर आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो होतो. "त्याले सांगून टाक," पुंडलीकभाऊ म्हणाले, "कंपनी बंद झाली मनावं. पोरीच्या घरचा पैसा हाये थो. आपल्याले पाप नाई पायजे."

मी म्हटलं, "हाव भाऊ, तसंच सांगतो."

बारा वाजता अकोल्याहून फोन आला. मी स्पीकर लावला आणि आवाज बदलून म्हटलं, "मॅडम मीटिंग में हैं, मैं मैनेजर बोल रहा हूँ. लेकिन सर, हमारी स्कीम अब..."

"सर, पहले मेरी सुनिए," जावई म्हणाला. "आपने मेरे ससुरजी को पाँच लाख का कार्ड दिया. एक सब्जी बेचने वाले को! उनको साइन करना भी ठीक से नहीं आता. मैं तो एरिया मैनेजर हूँ."

पुंडलीकभाऊंनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि माझ्या हातावर टाकला. आमच्याकडे जुने लोक अजूनही चारचौघांत भाव फुटू नये म्हणून रुमालाखाली हात घालून बोटांनी सौदा करतात. एक बोट म्हणजे एक हजार, पूर्ण पंजा म्हणजे पाच. रुमालाखाली त्यांनी माझा पंजा दाबला. मग पुन्हा पंजा दाबला. मग दोन बोटं.

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते समोरच्या वांग्यांकडे बघत होते.

"सर," मी फोनमध्ये म्हटलं, "बारा हजार फीस लगेगी."

"नो प्रॉब्लेम," जावई म्हणाला. "बस एक रिक्वेस्ट है. मेरी लिमिट ससुरजी से ज्यादा रखिए."

रुमालाखाली पुंडलीकभाऊंनी आणखी एक बोट दाबलं.